वायरमनची दाढ

मी एक जुनी दाढ आहे, मित्रांनो. सध्या दोन तुकड्यांत, एका वायरमनच्या पिशवीतल्या बिनझाकणाच्या स्क्रूच्या डबीत पडून असते. त्याआधी बत्तीस वर्षं मी त्याच्या तोंडात, उजव्या सुळ्यामागे उभी होते.

माझं काम अन्न चावायचं. मालकाने मला वायर सोलायला लावलं. तो शिडीवर चढला की त्याची बायको खाली एका हाताने शिडी धरी आणि दुसऱ्या हाताने पक्कड वर करी. पण पक्कड घ्यायची तर वाकावं लागतं, आणि तो वाकणाऱ्यांतला नव्हता. वायर माझ्याखाली धरून मान हिसडायचा आणि सोललेलं प्लॅस्टिक खाली तिच्या डोक्यावर थुंकायचा. बघे वाहवा करत. खोटं कशाला बोलू, मीही तेव्हा हुरळून जायचे.

मग मी किडले. आतली नस सडली, गाल टम्म फुगला. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी रूट कॅनाल केलं. सडकं सगळं काढलं, मुळं आतून धुतली, भरून गच्च बंद केली आणि त्याला बजावलं, "आता ही ठिसूळ झाली आहे. पंधरा दिवसांत कॅप बसवा, म्हणजे म्हातारपणापर्यंत साथ देईल. नाहीतर तडकेल."

ही थाप नव्हती. मालकिणीची अशीच एक दाढ कॅपखाली एकोणीस वर्षं सुखाने चावते आहे. मला तेवढंच हवं होतं. मालकिणीने दोनदा वेळ ठरवून दिली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "दुखतंय कुठे? मेलेल्या दाढेला टोपी कशाला?"

दुखत नव्हतं, हेच माझं दुर्दैव. पूर्वी कळ उठली की तो मला सोडायचा तरी. आता जाड वायर, बाटल्यांची बुचं, सगळं माझ्यावरच. एकदा मालकिणीचं मनगट मुरगळलं. शिडी धरताना ती कण्हली, तर हा वरून म्हणाला, "माझी दाढ बघ. जीव गेलाय, पण कुरकुर नाही." त्या दिवशी मला फार लाज वाटली.

तिसऱ्या वर्षी मी उभी चिरले, थेट मुळापर्यंत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मुळांतलं काम अजून जसंच्या तसं आहे, पण चिरलेली दाढ सांधता येत नाही. त्यांनी मला उपटलं. मालकिणीने माझे तुकडे मागून घेतले आणि डबीत टाकले. का, ते त्याने विचारलं नाही.

परवा नवं काम निघालं. तो शिडीवर, ती खाली. तिने सवयीने पक्कड वर केली. वर मान हिसडली गेली आणि प्लॅस्टिक तिच्या केसांत पडलं. आता डाव्या दाढेची पाळी होती. तिने पक्कड पिशवीत ठेवून दिली, अगदी माझ्याशेजारी.

डावी दाढ जिवंत आहे. दुसऱ्या वायरला तो कळवळला आणि गाल धरून म्हणाला, "पक्कड दे गं."

"उतरून घ्या," ती म्हणाली. "माझं मनगट दुखतंय. तीन वर्षं दुखतंय."

मग शिडी सोडून ती पलीकडच्या पायरीवर जाऊन बसली.

मित्रांनो, जो कुरकुर करत नाही त्याचीही वेळेवर विचारपूस करत जा. मालकाने तिची केली, पण तेव्हा शिडी हलायला लागली होती.