पाठीवरचा कॅन

"बाटली नीट धुतली होती ना?" साहेबांनी पुन्हा विचारलं.

"धुतली होती, साहेब. विहीरच हिरवी झालीय."

मोजणीदार बाईने बाटली उन्हात धरली. पाणी आतून दिवा लावल्यासारखं हिरवं चमकत होतं. पायथ्याच्या विहिरींची पातळी मोजण्यात तिची उमेदीची वर्षं गेली होती, पण विहिरीत हा रंग पहिल्यांदाच दिसत होता. रंग मात्र ओळखीचा होता.

डोंगरातलं पाणी या कोरड्या खोऱ्यात मुरतं की नाही, मुरलं तर किती, याचा अंदाज बांधायला खात्याने बऱ्याच वर्षांपूर्वी वरच्या कपारीत हिरवा रंग ओतायला माणूस पाठवला होता. तो तिचा नवरा. तो परतला नाही आणि एकाही विहिरीला रंग चढला नाही. लोकांना चघळायला विषय मिळाला: गडी डोंगर चढलाच नाही, कुणाचा तरी हात धरून पळाला. सासूबाई म्हणत, हिच्याच तोंडाला कंटाळून गेला. आणि खरं सांगायचं तर, हळूहळू तिलाही ते पटलं होतं.

"म्हणजे डोंगर पाणी देतो!" साहेब खूश झाले. "उशिरा देतो, पण देतो. फक्त इतका गडद कसा? ओतलेला रंग एव्हाना फिका पडायला हवा. हे म्हणजे रंगाचा कॅन आत्ता कुठे फुटल्यासारखं..."

त्यांनी बाटली तिच्या हातातून काढून घेतली. चढताना हात मोकळे राहावेत म्हणून कॅन पाठीला घट्ट बांधायची पद्धत होती.

"बाई, तुम्ही घरी जा," ते म्हणाले.

घरी सासूबाई नळासमोर उभ्या होत्या. त्याच विहिरीवरून आलेल्या नळातून हिरवी धार पडत होती.

"हे काय गं? सकाळी प्यायले तेव्हा चांगलं होतं."

"आई, पिऊ नका आता." तिने सगळं सांगितलं, कॅनचंही. सांगताना तिला आधी हायसं वाटलं, मग त्या हायसं वाटण्याचीच लाज वाटली.

"म्हणजे वर पोचला होता तो. तिथेच राहिला."

"हो."

"आणि एवढी वर्षं आपण हेच पाणी..."

"हो, आई."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. त्यांनीच नळ बंद केला. तरी थेंब येतच राहिले. तेव्हा त्यांनी लहान मुलाचं पुसावं तसं नळाचं तोंड तळहाताने पुसलं, आणि थेंब थांबेपर्यंत पुसत राहिल्या.