वाफेच्या डब्यातला खडा

मित्रांनो, मी एक जुना वाफेचा डबा आहे. तीन मजली, पितळेचा, आणि अजूनही रागावलेला.

भद्रावतीच्या कारखान्याच्या वसाहतीत माधवीबाई राहतात. शेजारच्या दार्जिलिंगच्या बाईंकडून त्या मोमो करायला शिकल्या. पण बदली झाली, शेजारीण गेली आणि तिचे मोमो वाफवायचे भांडेही गेले. तेव्हा माधवीबाईंनी शफीभाऊ कल्हईवाल्यांना गाठले. शफीभाऊंनी मोमो कधी पाहिला नव्हता. तरी त्यांनी पत्रा ठोकला, जाळ्यांना भोके पाडली, बुडाचा सांधा झाळ देऊन जोडला, आतून कल्हई केली आणि शेवटी नदीतला एक गुळगुळीत खडा माझ्या बुडात टाकला.

"बाई, पानी उकळून राह्यलं तवर हा खडा वाजते. चूप बसला का पानी सरलं समजा."

तो खडा म्हणजे माझी जीभच होती.

मग रविवार रंगू लागले. मोमो चिकटू नयेत म्हणून माधवीबाई माझ्या जाळीवर पळसाची पाने अंथरत. वर कोबीचे, खाली खिम्याचे. शफीभाऊंची मुलगी नजमाही येई. मोमोच्या तोंडाला तिच्यासारख्या चुण्या कुणालाच जमत नसत. माझे रूप पाहून शेजारणींनीही शफीभाऊंना असेच डबे करायला सांगितले.

एकदा माधवीबाई बाहेरगावी गेल्या आणि त्यांचे यजमान राजदीपभाऊ स्वयंपाकघरात शिरले. मला धुताना त्यांना खडा दिसला. "भांड्यात गोटे ठेवते का कोनी?" म्हणत त्यांनी तो खिडकीबाहेर भिरकावला. मोमो मांडून मला शेगडीवर चढवले आणि स्वतः क्रिकेट बघत बसले. पाणी आटले. मी सांगणार कसे? कल्हई वितळली, झाळ सुटली, मोमोंचा कोळसा झाला.

चूक कबूल करतील तर शपथ! पानठेल्यावर उभे राहून म्हणाले, "शफीच्या कामात दम नाई." शेजारणींनी आपापली कामे काढून घेतली. नजमा येईनाशी झाली. चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि मी? कोंबडीच्या पिल्लांवर झाकण म्हणून अंगणात पालथा पडलो.

माधवीबाई परतल्या. त्यांनी मला उचलले आणि यजमानांना घेऊन शफीभाऊंकडे गेल्या. शफीभाऊंनी मला हलवून पाहिले.

"खडा कुठी गेला?"

राजदीपभाऊ शफीभाऊंच्या कानाशी वाकले. "म्या फेकला. चुकलो, भाऊ," असे ते इतके हळू बोलले की मलाही जेमतेम ऐकू आले. अब्रू घेतली पानठेल्यावर आणि माफी मागितली कानात! शफीभाऊंनी तेवढ्यावरच पुन्हा झाळ दिली, कल्हई केली, नवा खडा टाकला. ते भले आहेत. मी नाही.

मित्रांनो, भांडे बिघडले तर घडवणाऱ्याला नावे ठेवण्याआधी वापरणाऱ्याला विचारा. आणि जिथे दोष दिला, तिथेच तो परत घ्या.

माधवीबाईंनाही हेच वाटले असावे. पुढच्या रविवारी त्यांनी चूल पानठेल्यासमोर मांडली आणि मला वर चढवले. नजमा चुण्या घालायला बसली. माणसे जमली.

"हे काय वाजून राह्यलं?" कुणीतरी विचारले.

"यायले विचारा," नवऱ्याकडे बोट दाखवून माधवीबाई म्हणाल्या.

राजदीपभाऊंना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले, मोठ्याने, कारण मी खडखडायचा थांबत नव्हतो.