माझ्या पत्र्यात करंट उतरला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना ट्रेलर आहे. ऊस ओढणारा नव्हे बरं का! मी गाडीमागे जोडून न्यायचं चाकांवरचं घर आहे. माझ्या पोटात दोन पलंग आहेत, शेगडी आहे, फ्रिज आहे आणि एक एवढीशी मोरी आहे. बाहेरून मी पांढऱ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, कमरेला निळा पट्टा. आता वय झालं, पण एका जागी उभं राहणं मला अजूनही जमत नाही. चार दिवस झाले की माझी चाकं शिवशिवायला लागतात. त्यातून वायरींमध्ये काही बिघडलं असेल तर विचारूच नका. दातात बडीशेप अडकली की तुम्हाला कसं होतं? अगदी तस्संच.

माझा जन्म अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या एका कारखान्यात झाला. माझ्या भिंतींमधून वायरी ओढणाऱ्या बाईला त्या शुक्रवारी घरी जायची घाई होती. तिने मोरीमागचा एक जोड नीट आवळला नाही, आणि माझ्या जिवाला जन्मापासूनच वळवळ लागली.

माझ्यात दोन प्रकारची वीज खेळते. एक बॅटरीतली. ती गरीब स्वभावाची, दिवे आणि पाण्याचा पंप चालवते. दुसरी बाहेरून जाड केबलमधून येते. ती दांडगट, फ्रिज चालवते, टोस्टर चालवते. पहिली बिघडली तर अंधार होतो. दुसरी बिघडली तर माणूस जाऊ शकतो. एवढं लक्षात ठेवा.

मला विकत घेतलं ते मिनेसोटातल्या ऑर्विल आणि लवॉन या नवराबायकोने. ऑर्विल शाळेची बस चालवायचा. लवॉन डेअरीत होती, आलेल्या दुधाचा एकेक कॅन तपासायची. दोघांनी मला कुठे कुठे नेलं म्हणून सांगू! सरोवरं पाहिली, डोंगर पाहिले, एका गावात तर नुसता मक्याचा पुतळा बघायला गेलो होतो. आणि प्रत्येक ठिकाणी माझं काही ना काही बिघडायचं.

एकदा टोस्टर चालेना. ऑर्विलने तो खिडकीतून उन्हात धरून पाहिला, दोन थपडा मारल्या आणि गावात जाऊन नवा आणला. नवाही चालेना.

"अरे, आधी प्लग बघ, मग केबल, मग खटके, मग एकेक जोड. ओळीने जा की जरा," लवॉन म्हणाली.

"हे काय दुधाचे कॅन आहेत का? वीज आहे ही. तिचा अंदाज यावा लागतो."

"हो ना! तुझ्या अंदाजापायी आता दोन टोस्टर झालेत घरात."

ती हातात छोटं मीटर घेऊन ओळीने निघाली. मोरीतल्या प्लगवर एक लाल बटण होतं, ओल लागली की आपोआप वीज तोडणारं. आंघोळीची वाफ लागून ते बाहेर आलं होतं, आणि त्यामुळे माझी अर्धी वीज बंद पडली होती. तिने बोटाने ते आत दाबलं. दोन्ही टोस्टर चालू! ऑर्विल बराच वेळ गाडीची काच पुसत बसला.

असे आमचे दिवस मजेत चालले होते. मग ऑर्विलच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मी शेडमध्ये गेलो. एक हिवाळा गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. उंदरांनी माझ्या गाद्या कुरतडल्या. टायर बसले. माझा फ्रिज उष्णतेवर चालतो, म्हणून त्याच्या मागे विजेवर तापणारी एक कांडी असते; तिच्यात ओल शिरली आणि ती आतून फुटली. मला ते ठणकत होतं. पण ऐकणार कोण? शेडच्या फटीतून रस्ता दिसायचा, गाड्या जायच्या, आणि मी आपला विटांवर टेकलेला. फार वाईट दिवस होते ते.

चौथ्या उन्हाळ्यात लवॉनच्या थोरल्या बहिणीचं, आर्डिसचं, पत्र आलं. तिला ऐंशी वर्षं पूर्ण होणार होती. शेतावरच्या जुन्या घरी सगळं गणगोत जमणार होतं. ऑर्विलने दोन दिवस खपून मला झाडलं, पुसलं, टायर भरले, बॅटरी बदलली. निघताना माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "बघ, ठणठणीत झालाय गडी!" मला इतका आनंद झाला की फ्रिजमागचं दुखणं मी विसरूनच गेलो. ही माझी चूक, मित्रांनो.

आर्डिसच्या गोठ्याच्या भिंतीवर एक जुनाट बोर्ड होता, दोन भोकांचा. माझा प्लग तीन पिनांचा. ती तिसरी पिन असते ना, ती अर्थिंगची. आतली वीज कुठे गळली तर तिने ती गळती वाहून न्यायची, म्हणजे खटका पडतो आणि सगळ्यांना कळतं. ऑर्विलने पेटीतून एक चिमुकला जोड काढला. तीन पिना घेणारा, दोन सोडणारा. अर्थिंगची पिन तिथेच संपली.

"चालतं एवढं," तो स्वतःशीच म्हणाला. "जुन्या बोर्डांना कुठलं आलंय अर्थिंग!"

फ्रिज सुरू झाला. आणि फुटलेल्या कांडीतून वीज गळून माझ्या सांगाड्यात आली, पत्र्यात पसरली, दाराच्या मुठीत आणि लोखंडी पायरीत येऊन बसली. जायला वाट नव्हती. ती माझ्या अंगभर थांबून राहिली होती, कोणीतरी ओल्या पायांनी मला शिवायची वाट बघत. मला पळून जावंसं वाटत होतं! पण चाकांखाली ठोकळे लावले होते.

पाहुणे मला बघायला येऊ लागले. पहिली आर्डिस आली. तिने दाराची मूठ धरली आणि झटकन हात मागे घेतला. मला वाटलं, सुटलो, आता ही ओरडेल! ती ऑर्विलकडे बघून हसली आणि म्हणाली, "छान ठेवलाय हं." मग तिचा चुलतभाऊ पामर आला. त्याला झटका बसला, त्याने पँटला हात पुसला आणि हवेबद्दल बोलायला लागला. त्याच्या बायकोने तर दोनदा मूठ धरली, दोनदा सोडली, आणि "आम्ही मग येऊ निवांत" म्हणून निघून गेली. अहो, बोला की! मी प्रत्येकाच्या बोटांत ओरडत होतो. पण ही माणसं पडली मिनेसोटाची. दुसऱ्याच्या घरी पायावर गरम कॉफी सांडली तरी "काही नाही, काही नाही" म्हणणारी. ऑर्विल एवढ्या कौतुकाने मला दाखवत असताना त्याच्या दुरुस्तीला नाव कोण ठेवणार?

बोलला फक्त गस. गस म्हणजे लवॉनचा कुत्रा. दुसऱ्या दिवशी सकाळी गवतावर दव होतं. गसने पायरीवर पुढचा पंजा ठेवला आणि केकाटून मागे उडी मारली. लवॉनने आतून बिस्किट दाखवलं. तो दूर बसून भुंकत राहिला.

"म्हातारा झालाय तो," ऑर्विल म्हणाला.

"म्हातारा तर तूही झालायस, पण बिस्किटाला नाही म्हणत नाहीस."

तिच्या आणि ऑर्विलच्या पायात कायम जाड तळाचे बूट, म्हणून त्यांना अजून झटका बसला नव्हता; पण दिवसभर ती त्या पायरीकडे बघत होती. जेवायला सगळे अंगणातल्या लांब टेबलाशी बसले. बटाट्याचं सॅलड वाढता वाढता तिने विचारलं, "ट्रेलरला हात लावल्यावर कोणाला झिणझिण्या आल्या का?"

सगळे सॅलडकडे बघू लागले.

"गसला येतात," लवॉन म्हणाली. "त्याला शिष्टाचार येत नाहीत ना, म्हणून तो खरं बोलतो."

मग आर्डिसने हळूच हात वर केला. "मला वाटलं, माझ्याच संधिवाताचं काहीतरी."

पामर खाकरला. "मलाही, थोडंसंच. म्हटलं, कशाला उगीच..."

त्याच्या बायकोने हात वर केला, आणि मग आणखी दोघांनी. पाच हात! ऑर्विलच्या हातातला काटा तसाच राहिला.

आणि तेवढ्यात, मित्रांनो, ब्रिटा धावत निघाली. ब्रिटा ही ऑर्विलची नात, आठ वर्षांची. हिरवळीवरच्या पाण्याच्या फवाऱ्यात ती तासभर नाचत होती. अंगावर पोहायचे कपडे, पाय अनवाणी, नखशिखांत भिजलेली. माझ्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कांड्या होत्या ना, लिंबाच्या, तिच्यासाठीच आणलेल्या! ती हात पुढे करून थेट माझ्याकडे येत होती.

मला हात लावू नकोस! बाळा, नको गं!

"ब्रिटा, थांब!" लवॉन किंचाळली. ती कधीच ओरडत नसे. पण मुलीचं हसणं आणि पाण्याचा आवाज, त्यात ते तिच्या कानी गेलंच नाही.

ऑर्विल तिच्यामागे धावला नाही. तिला गाठता आलं नसतं. तो गोठ्याकडे धावला, त्या नव्या गुडघ्यावर, वाटेतली खुर्ची उडवून. त्याने केबल दोन्ही हातांनी धरली आणि हिसडा दिला. जोडासकट प्लग उपटून निघाला.

त्याच क्षणी ब्रिटाचे दोन्ही ओले तळवे माझ्या दारावर थापकन आदळले.

काही झालं नाही. मी नुसता थंड पत्रा होतो. इतकी वर्षं किती हातांनी मला धरलं असेल, पण असा हात दुसरा नाही.

"आजोबा, तुम्ही का रडताय?" तिने विचारलं. ऑर्विल गोठ्याच्या भिंतीला टेकून खाली बसला होता.

नंतर लवॉनने सगळ्यांना लांब उभं केलं. ओल्या जमिनीत एक स्क्रू ड्रायव्हर खोचला, पायात रबरी बूट घातले, प्लग परत लावला आणि मीटरचं एक टोक स्क्रू ड्रायव्हरला, दुसरं माझ्या पत्र्याला लावलं. ब्याण्णव व्होल्ट! मग ती ओळीने निघाली. एकेक खटका बंद करत गेली. फ्रिजचा खटका पाडला आणि काटा शून्यावर आला. मला सुटल्यासारखं झालं.

"माझं चुकलं," ऑर्विल म्हणाला. हे शब्द मी त्याच्या तोंडून याआधी एकदाच ऐकले होते, तेही गाडीची धडक बसलेल्या एका हरणापुढे.

पामरने बूट खाली घासले. "तुझं एकट्याचं नाही. आम्ही कालच बोलायला हवं होतं."

फ्रिजची कांडी बदलली. मोरीमागचा तो जन्माचा ढिला जोडही लवॉनने आवळला. तो दोन पिनांचा चिमुकला जोड ऑर्विलने माझ्या दाराच्या आत खिळ्याला टांगला आहे. नवा माणूस आला की विचारतो, हे काय? मग ऑर्विलला सगळी हकीकत स्वतः सांगावी लागते.

मित्रांनो, तुमच्याही घरी फ्रिज असेल, पंप असेल, इस्त्री असेल. आम्ही आजारी पडतो तेव्हा आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त तुमच्या बोटांना मुंग्या आणू शकतो. तेव्हा हात मागे घ्या आणि मोठ्याने सांगा. पाहुणे असाल तरी सांगा, कोणी हसलं तरी सांगा. कारण तुमच्यामागून कोणीतरी ओल्या पायांनी धावत येत असतं.