लेमेलसाठी दहावा माणूस

मित्रांनो, मी एक म्हातारा घोडा आहे आणि मी भयंकर संतापलेला आहे. म्हाताऱ्यांनी गोड बोलावं म्हणतात. ते माझ्याच्यानं व्हायचं नाही.

न्यूयॉर्कच्या ईस्ट साइडला झेलिग सोडावाल्याची गाडी आम्ही दोघं ओढायचो, मी आणि रेझल नावाची तांबडी घोडी. बाटल्यांचा खणखणाट ऐकला की बायका जिने उतरून यायच्या. "आली बघा राजाराणीची वरात!" म्हणायच्या. रेझल मान उडवायची. मीही फुगायचो, खोटं कशाला बोलू?

तबेल्याच्या वरच्या खोलीत ब्रायना राहायची. रस्त्यावर गरम हरभरे विकून तिनं एकुलत्या लेमेलला वाढवलं, आणि दिवटा निघाला गुंड! आधी जुगाराच्या अड्ड्यावर राखणदार, मग स्वतःची टोळी आणि बोटात हिऱ्याची अंगठी. जो गाडीवाला हप्ता नाकारी, त्याच्या घोड्याला हा विष घाली. घोडा मेला की गाडी बंद, गाडी बंद की चूल बंद. पाठीमागे सगळे त्याला 'घोडेमाऱ्या' म्हणत. समोर आला की "या, लेमेलशेठ, बसा!"

झेलिगनं हप्ता नाकारला. मग एका सकाळी, भर उजेडात, लेमेल तबेल्यात शिरला आणि त्यानं रेझलपुढे सफरचंद धरलं. मला त्याचा वास कडू आला. मी बांधलेला होतो. लाथा झाडल्या, जिवाच्या आकांतानं खिंकाळलो. खिडक्या उघडल्या. लोकांनी पाहिलं. खिडक्या मिटल्या. रेझल दुपारपर्यंत तडफडत होती. पोलीस आला तेव्हा अख्खी गल्ली मूग गिळून बसली.

पुढच्या वर्षी लेमेलला त्याच्याच टोळीनं कॉफीच्या दुकानासमोर गोळ्या घातल्या. बरं झालं! अगदी बरं झालं!

आमच्या ज्यू लोकांत मेलेल्यासाठी कद्दिशची प्रार्थना असते. तिला दहा पुरुष लागतात, नऊ चालत नाहीत. ब्रायनानं दारोदार फिरून नऊ जमवले आणि ती खाली तबेल्यात आली. सुतकाच्या रीतीप्रमाणे तिनं झगा गळ्याशी फाडला होता.

"झेलिग, वर चल रे. एक कमी पडतोय."

"मावशी, माझी रेझल मेली तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"खिडकीत."

"म्हणजे पाहिलंत!"

"पाहिलं. मी आई आहे रे मेल्या, माझ्या तोंडाला कुलूप लागलं. पण तुला काय धाड भरली होती? पोलिसानं विचारलं तेव्हा तू तरी नाव घेतलंस?"

"मला बायकापोरं आहेत, मावशी."

"मलाही एकच होता."

झेलिगनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. मग हात धुऊन वर गेला. मी फळीवर अशी लाथ घातली की फळी तडकली.

वरून दहा जणांचा 'आमेन' ऐकू आला, चांगला खणखणीत. त्यातले बहुतेक त्या सकाळी खिडकीत होते. एवढा आवाज होता यांच्या गळ्यात! मित्रांनो, तुमच्या गल्लीत कुणी मुक्या जिवापुढे विष धरलं, तर तेव्हाच खाली उतरा. त्या सकाळी हे दहा उतरले असते, तर रेझल वाचली असती, आणि तुरुंगात का होईना, ब्रायनाचा लेकसुद्धा.