पुलातला पांढरा ठिपका

माझ्या नवऱ्याने, होलिसने, गावच्या छपराच्या, बोगद्यासारख्या बंदिस्त लाकडी पुलाचे वर्षभर फोटो काढले. त्या वर्षात आमचा स्वयंपाकघरातला नळ गळतच राहिला. त्याला एकच ध्यास, वाचनालयाच्या कॅलेंडरवर आपले चार ऋतू लागावेत. कॅलेंडर ठरवायच्या पीलबाई. व्हरमाँटच्या आमच्या खोऱ्यातल्या निम्म्या लोकांना त्यांनीच पाढे शिकवलेले, त्यामुळे त्या नाही म्हणाल्या की विषय संपला.

आणि त्या नाहीच म्हणत होत्या. वसंतातला फोटो होलिसने गुडघाभर चिखलात उभं राहून काढला; एक बूट अजून तिथेच आहे. बाईंनी चष्मा पुसला नि म्हणाल्या, पुलातल्या काळोखात काहीतरी पांढरं दिसतंय. उन्हाळ्यातही तो ठिपका होता. मेपलची पानं लाल झाली तेव्हाही. मला ते घुबड वाटायचं, होलिसला भिंगाचा दोष. त्याने नवं भिंग मागवलं.

उरला हिवाळा. होलिसला पुलातून बाहेर येणारी, घोड्याने ओढायची बर्फगाडी हवी होती. गावात घोडी एकच, माझ्या थोरल्या भावाची, आल्डनदादाची टॅन्सी. दादा आढेवेढे घेऊ लागला. घोडीला सर्दी आहे, गाडीला गंज आहे, मलाही जरा तसंच आहे, म्हणाला. वहिनी गेल्यापासून तो टॅन्सीला जुंपून गावभर एकटा हिंडतो, मग आजच काय झालं, म्हणत मी त्याला जवळजवळ ओढूनच आणलं.

छपरामुळे पुलात बर्फ पडत नाही आणि कोरड्या फळ्यांवर गाडी घसरत नाही. म्हणून सकाळभर आम्ही बाहेरचा बर्फ फावड्यांनी आत नेऊन पसरला. मग लाल शाल पांघरून मी दादाशेजारी बसले. पलीकडच्या काठावर कॅमेऱ्यामागे होलिस, देखरेखीला पीलबाई. सूर्य टेकडीला टेकत आला होता.

टॅन्सी ऐटीत आत शिरली आणि मधोमध थांबली.

दादाने लगाम हलवला, चुचकारलं. ढिम्म. मान वळवून ती आमच्याकडे बघत राहिली. त्या अंधारात तिच्या कपाळावरचा पांढरा पट्टा लख्ख दिसत होता, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पुलात घोडं असं थांबायला शिकवतात ती तरुण पोरं, आडोशाला मुका घेता यावा म्हणून. आमच्या बाबांचा घोडाही थांबायचा. आई शेवटपर्यंत त्याला साखर द्यायची.

"दादा," मी म्हटलं, "वहिनी गेली तेव्हा ही घोडी जन्मलीही नव्हती."

"थंडी फार आहे नाही आज," दादा म्हणाला.

बाहेरून होलिस रडवेल्या आवाजात ऊन चाललं, ऊन चाललं म्हणून ओरडत होता. वर्षभर त्याने मला वैताग आणला होता, पण तो आवाज ऐकून मला गलबलून आलं. मी दादाच्या गालाचा पापा घेतला. टॅन्सीने कान हलवले, पाय नाही. तिला भेसळ चालत नव्हती.

तेवढ्यात बर्फ तुडवत पीलबाई आल्या.

"हेस्टर, खाली उतर. शाल दे. आणि तिकडे तोंड कर."

मी शाळेतल्यासारखी उतरले आणि भिंतीच्या फळ्या बघत उभी राहिले. मागे आवाज झाला, चांगला खणखणीत झाला. टॅन्सी लगेच चालू पडली.

फोटो अप्रतिम आला. सोनेरी ऊन, लाल शाल आणि शालीइतकाच लाल माझा भाऊ. होलिस तो घेऊन वाचनालयात गेला नि अभिमानाने म्हणाला, "बघा बाई, नव्या भिंगाने ठिपका गेला."

बाईंनी बराच वेळ फोटो पाहिला.

"मागचे तिन्ही पण आण, ठिपक्यासकट. तू एकदाचा कॅमेरा आवरून जाशील म्हणून दर ऋतूत आम्ही आत ताटकळत बसलोय."

"आत कुठे?" होलिसने विचारलं.

चारही ऋतू छापून आले. होलिस अजून भिंगाचं कौतुक सांगतो. नळ मात्र आल्डनदादाने येऊन दुरुस्त केला, बाईंनी सांगितलं म्हणून.