हलणाऱ्या घरांचं पाप

कोळशानं भरलेली मालगाडी सभागृहामागून निघाली तशा खिडक्यांच्या काचा खडखडल्या, पंख्यानं मान डोलावली, कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्च्या एकमेकींना कोपरं मारू लागल्या. एकच गोष्ट हलली नाही. निश्चलबाबांच्या पायाशी, लाल मखमलीवर ठेवलेल्या पितळी वाटीतलं पाणी.

"हललं?" बाबांनी विचारलं.

"नाही!" अख्खी गल्ली ओरडली.

"मग काच का हलली?"

हे कुणालाच माहीत नव्हतं. बाबांनाही नसावं, पण ते अडखळणाऱ्यांतले नव्हेत. "काचेला श्रद्धा नसते, बाळांनो! लोखंडात अग्नी, अग्नीत वेग, वेगात अहंकार! तो अहंकार रुळावरून उतरतो आणि तुमच्या उंबऱ्यातून घरात शिरतो. मी उंबऱ्यालाच खिळा ठोकतो. निष्पाप घर मग हलणार नाही. हललंच, तर दोष खिळ्याचा नाही. त्या घरात कुणाच्या तरी मनात पाप आहे, असं समजा. आणि रेल्वेकडे तक्रार केलीत, तर खिळा बाद."

ते खिळे माझ्याच दुकानातले. गल्लीच्या तोंडाशी माझं हार्डवेअरचं दुकान आहे, तिथून बाबांच्या शिष्यानं सकाळीच किलोवर नेले होते. संध्याकाळपर्यंत त्यांत शक्ती भरली की नाही, देव जाणे. भाव मात्र चांगलाच भरला. माझ्याही उंबऱ्यात एक ठोकून घेतला मी. दुकानदाराला गल्लीशी वाकडं घेऊन भागत नाही.

बाबा येण्याआधी आम्ही चांगले तक्रारखोर लोक होतो. रेल्वेच्या तक्रार विभागातल्या एक बाई कंप आणि आवाज मोजायचं यंत्र घेऊन घरोघर फिरायच्या. आम्ही त्यांना तक्रारबाई म्हणायचो. त्या निमूट ऐकून घ्यायच्या. शेवटी त्यांनी सांगितलं होतं, "गल्लीच्या टोकाला रुळाखालची खडी चिखलानं भरलीय. तिथं काम काढायला हवं. पण तक्रारी येऊ द्या बरं का. तुम्ही गप्प बसलात की वरच्यांना वाटतं, सगळं छान आहे."

आम्ही गप्प बसलो.

खिळे ठोकल्यावर गल्लीत जी शांतता पसरली ती बघण्यासारखी होती. जो तो दुसऱ्याला विचारी, "तुमच्याकडे काय?" आणि उत्तर ठरलेलं, "छे हो, डोंगरासारखं घट्ट!" नाही म्हणणार कोण? आमचं घर हलतं म्हणायचं म्हणजे आम्ही पापी म्हणायचं. आणि बघायला गेलं तर कुणाच्या मनात काही ना काही नसतं? कुणी भावाला फसवलेलं, कुणी बायकोशी खोटं बोललेलं. बाबांना आमचं पाप ठाऊक असण्याची गरजच नव्हती. आम्हाला ठाऊक होतं, तेवढं पुरेसं होतं.

पण दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला माणसाच्या तोंडापेक्षा पिशवी जास्त सांगते. ज्या गल्लीत कंप थांबला, त्या गल्लीत रबराचा खप का वाढावा?

रहिवासी मंडळाचे अध्यक्ष आले. "रबरी पट्टी दे रे. जाड."

"कशाला लावताय, काका?"

"दार वाजतं... म्हणजे वाऱ्यानं!"

"पण वारा कुठाय?"

"तू पट्टी देतोस की नाही?"

मागून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांना कपाटाच्या पायांखाली घालायला वॉशर हवे होते. मांजर उड्या मारतं म्हणे. त्यांच्याकडे मांजर नाही. मी हसू दाबत माल काढून देत होतो. धंदा तेजीत असला की सत्याची तहान कमी लागते.

हसू दबलं ते माझ्या वहिनींपाशी. त्या पुट्टीचं पाकीट न्यायला आल्या. चार दिवसांनी पुन्हा आल्या, मग पुन्हा.

दादा जहाजावर असतो. रुळाला खेटून असलेल्या शेवटच्या घरात वहिनी, त्यांचं शिलाई मशीन आणि माझी लहानगी पुतणी. आई जाईपर्यंत तिथंच होती. ती गेली त्या संध्याकाळी मालगाडी चालली होती. आईनं पाण्यासाठी मारलेली हाक त्या आवाजात वहिनींना ऐकूच आली नाही. रेल्वेकडे गेलेली आमच्या गल्लीची पहिली तक्रार तीच.

"वहिनी, एवढी पुट्टी कुठं लावताय?"

"ओट्याला, भावजी," त्या म्हणाल्या. माझ्याकडे न बघता.

मी पुढे विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

दुसऱ्या आठवड्यात तक्रारबाई दुकानात आल्या. चेहरा आनंदी, पण थोडा शंकेखोर. "तुमच्या गल्लीतून एक तक्रार नाही. साहेब खूश आहेत. टोकाचं काम दुसरीकडे हलवायचं म्हणतात. खरं सांगू? मलाही हायसं वाटलं होतं. पण खडी तर कुणी बदलली नाही. मग घरं हलायची थांबली कशी?"

"खिळ्यांनी," मी म्हणालो.

त्या हसल्या. मग त्यांची नजर माझ्या मागच्या फळीवर गेली. रबराचा खण रिकामा होता. त्यांचं हसू मावळलं.

"शेवटच्या घरात चला," त्या म्हणाल्या.

वहिनींनी दार अर्धंच उघडलं. आत मागच्या भिंतीला टेकवून मोठं कपाट उभं केलेलं, त्याची दारं चिंध्यांनी बांधलेली. कपाटालगत पुतणीची खाट. गाडी आली तसं चिंध्या बांधलेलं कपाट दात दाबून थरथरलं.

"हे जरा सरकवू या," तक्रारबाई म्हणाल्या.

"नको!" वहिनी आडव्या आल्या. "काही नाही तिथं."

सरकवलं. मागे भेग होती. पुट्टीवर पुट्टी थापलेली, आणि त्या पुट्टीलाही नवी भेग. माझा अख्खा पंजा आत गेला. भिंतीचं पोट खाटेच्या दिशेनं सुटलं होतं.

"लिहू नका," वहिनी रडायला लागल्या. "गल्लीला कळेल."

"काय कळेल?"

"माझं पाप." त्या माझ्याकडे वळल्या. "भावजी, मला हाक ऐकू आली होती. गाडी चालू होती, तरी आली होती. एक बाही जोडायची राहिली होती. म्हटलं, एवढी शिवण मारते आणि उठते. उठले तेव्हा आई गेल्या होत्या. आणि मी सगळ्यांना सांगितलं, आवाजात ऐकू आलं नाही. रेल्वेलाही तेच लिहून दिलं. खोटी तक्रार केली म्हणूनच हे घर हलतंय."

मी पुतणीची खाट उचलली आणि भिंतीपासून लांब, दाराशी नेऊन ठेवली. तेवढंच सुचलं.

तक्रारबाई म्हणाल्या, "ताई, हाकेचं मला मोजता येत नाही. आवाज मी मोजला होता. तो खरा होता. कंप खरा होता. खडी चिखलानं घट्ट झाली की गाडीचा दणका तिच्यात जिरत नाही, जमिनीतून थेट तुमच्या भिंतीत येतो. तुमची बाही शिवून झाली असती किंवा नसती, भिंत एवढीच फाटली असती."

वहिनींनी डोळे पुसले. पटलं असं वाटलं नाही.

रविवारी पुन्हा सभा भरली. पुन्हा गाडी, पुन्हा वाटी, पुन्हा "हललं?" पण या वेळी मी उठलो आणि मखमल उचलली. खाली फरशीचा जाड तुकडा, आणि त्याच्याखाली वीतभर स्पंज.

"हा स्पंज माझ्या दुकानातला," मी म्हणालो. "तुम्ही सगळ्यांनी वॉशर नेलेत, बाबांच्या शिष्यानं हा नेला. दणका यात मुरतो, वरचं पाणी शांत राहतं." आणि वाटी उघड्या जमिनीवर ठेवली.

पुढची गाडी आली. पाण्यावर वर्तुळामागून वर्तुळ उठलं.

बाबा क्षणभरच गांगरले. मग त्यांनी हात वर केला. "पाणी खोटं बोलत नाही! या सभेत कुणीतरी पापी बसलंय!"

झालं. स्पंज सगळ्यांनी पाहिला होता, तरी जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. मला वाटलं, हरलो. युक्ती उघडी पडली तरी भीती झाकलेलीच राहते.

तेवढ्यात वहिनी उभ्या राहिल्या.

"मी आहे पापी," त्या म्हणाल्या. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "माझं घर हलतं. कायम हलत होतं. मी बाहेर जाते, बाबा. मग बघा पाणी थांबतं का."

आणि त्या पुतणीचा हात धरून खरंच बाहेर गेल्या. सगळे वाटीभोवती वाकले. पुढची गाडी आली. पाणी हललं.

अध्यक्ष खाकरले. "म्हणजे... तसं आमचंही दार वाजतं." आणि ते बाहेर गेले. डॉक्टरीणबाई उठल्या. "मांजर नाही माझ्याकडे," त्या मला म्हणाल्या, आणि गेल्या. मग रांगच लागली. कुणी मान खाली घालून, कुणी हसत, कुणी डोळे पुसत, एकेक घर चालत बाहेर पडलं. शिष्यही गेला. शेवटी मी.

अख्खी पापी गल्ली खिडक्यांना नाक लावून उभी राहिली. आत दोघंच उरले, बाबा आणि वाटी. मालगाडी आली. पाणी असं नाचलं की दोन थेंब जमिनीवर सांडले.

"बाबा," खिडकीतून अध्यक्षांनी विचारलं, "आता कोण?"

सगळ्यांचे डोळे सांडलेल्या पाण्यावर होते. मागच्या दारानं बाबा कधी गेले, कुणी पाहिलं नाही. गाडीच्या आवाजात ऐकूही आलं नाही.

त्याच संध्याकाळी तक्रारबाईंच्या पुढ्यात पुन्हा गर्दी झाली. वहिनींच्या भिंतीला टेकू लागले, त्या आणि पुतणी माझ्याकडे राहायला आल्या. यथावकाश खडी उपसली गेली, नवी पडली. कंप पुष्कळ कमी झाला. थांबला नाही. रुळाशेजारी तो पूर्ण थांबेल असं सांगणारा दुसरा कुणी आला, तर त्याच्या मखमलीखाली आधी हात घाला.

घरी परत गेल्यावर वहिनी आपल्या उंबऱ्यात थांबल्या. "आता भांडी वाजत नाहीत, भावजी. आईंनी माफ केलं असेल?"

"ते खडीला विचारू नका," मी म्हणालो. "मलाही विचारू नका. ती माझी आई होती. मला वेळ लागेल." मग पक्कड काढून त्यांच्या उंबऱ्यातला खिळा उपटला.

माणसाच्या मनात पाप असतं, नाही असं मी म्हणत नाही. पण भिंतीत विटाच असतात. भिंतीला तडा गेला तर गवंडी बोलवा, रूळ दणकला तर तक्रार करा, आणि पुन्हा करा. मनाचं काय ते ज्याचं त्यानं निस्तरावं. त्यासाठी पोराची खाट भेगेखाली ठेवू नये.