सहाव्या मजल्यावरची टोपली

वदादच्या दिवसाचे सरळ दोन तुकडे होते. सकाळी आठ ते एक ती तराबलस शहराच्या जुन्या बाजारातल्या एका मिठाईच्या दुकानात फोनवर ऑर्डरी घ्यायची, आणि दुपारी तीन ते सात ॲम्ब्युलन्स केंद्रात फोन घ्यायची. कान दोन्हीकडे तेच, तोंडही तेच. "सकाळी लोक साखर मागतात आणि दुपारी साखर वाढली म्हणून फोन करतात," असं ती म्हणायची आणि स्वतःच हसायची. केंद्रातलं काम अर्धवेळ होतं, पण तिथली खुर्ची ती अशी काही अडवून बसायची की नव्या माणसाला वाटावं, केंद्र हिच्या माहेरचंच आहे.

तिला एवढा तोरा कशाचा होता, तर पत्त्यांचा. या शहरात घराला नंबर असतो तो फक्त सरकारला माहीत. बाकी सगळे सांगणार, अमक्या हमामखान्याच्या मागे, तमक्या न्हाव्याच्या वर. तो न्हावी मरून वीस वर्षं झालेली असली तरी पत्ता त्याच्याच नावावर. वदादला हे सगळे मेलेले न्हावी तोंडपाठ होते. त्यातून पाच वर्षं घरोघरची मिठाई पोचवल्यामुळे कोणत्या जिन्याला कठडा नाही इथपर्यंत माहिती.

शिफ्टचा प्रमुख होता हैसम, वय वर्षं तीस, कपाळावर कायम आठ्या. त्यानं सगळ्यांच्या टेबलावर एक कागद चिकटवला होता. त्यावरचा दुसरा प्रश्न असा: 'तुम्ही आत्ता या क्षणी कुठे आहात?' पत्ता सांगून झाल्यावरही हा प्रश्न विचारायचाच.

"हा काय शहाणपणा?" वदाद म्हणायची. "माणूस घरातून बोलतोय, घराचा पत्ता सांगतोय, आणि मी त्याला विचारू की बाबा, तू आहेस कुठे? शिव्या घालेल मला."

"घालू देत शिव्या. तुम्ही विचारा, मावशी."

"बरं बाबा, विचारते." आणि विचारायची नाही.

त्या मंगळवारी चारला दहा मिनिटं होती. वदादनं कॉफीचा पहिला घोट घेतला आणि फोन वाजला.

"सलाम," पलीकडे एक म्हातारा पुरुष होता. "कशी आहेस पोरी? घरचे बरे आहेत ना? तुला कामात त्रास देतोय, माफ कर."

इथली म्हातारी माणसं अशीच. घराला आग लागली तरी आधी तुमची खुशाली विचारतील. वदादनं कॉफी बाजूला सरकवली. "सगळे बरे आहेत काका. तुमच्याकडे काय झालंय?"

"आमच्या घरातलं माणूस..." तो अडखळला. "उम सिहाम, माझ्या सिहामची आई. चहा ओतत होती. कप सुटला. तोंड एका बाजूला गेलंय, बोलायला जाते तर शब्द येत नाही. मी गादीवर निजवलंय. तिचा उजवा हात उचलला तर पडतोय, पोरी. हात पडतोय नुसता."

वदादला पुढचं सांगायची गरज नव्हती. मेंदूत रक्त अडलं की एकेक मिनिट मोलाचं, हे तिला झोपेतही पाठ होतं. "पत्ता सांगा काका."

"हद्दादीनमध्ये. अबू नाजीच्या कॉफीच्या दुकानासमोर हिरवा दरवाजा आहे, तिसरा मजला. अबू सिहामचं घर म्हणून विचारा, कुणीही दाखवेल."

हिरवा दरवाजा! वदादनं त्या दारात स्वतः ईदची खोकी पोचवली होती. आतल्या जिन्याची सातवी पायरी तुटकी आहे, हेही तिला ठाऊक. तिनं पुढचं काही विचारलंच नाही. वायरलेसवर ॲम्ब्युलन्सवाल्या खुदरला गाठलं. "खुदर, हद्दादीन, अबू नाजीसमोरचा हिरवा दरवाजा, तिसरा मजला. पॅरालिसिसचा झटका दिसतोय. सातवी पायरी सांभाळा."

"निघालो," खुदर म्हणाला.

मग ती पुन्हा फोनवर आली. "गाडी निघाली काका. आता मी सांगते ते ऐका. त्यांना कुशीवर वळवा. डोक्याखाली उशी घाला. तोंडात काही घालायचं नाही."

"मी संत्र्याच्या फुलांच्या पाण्यात साखर घालून आणलीये..."

"ठेवा ते खाली. पाणीसुद्धा नको, ठसका लागेल. हात धरून बसा त्यांचा."

"बसलोय," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "बसलोच आहे."

सात मिनिटांनी वायरलेस वाजला. खुदरचा आवाज धापा टाकत होता. "वदाद ताई, दाराला कुलूप आहे."

"कुलूप कसं असेल? मी माणसाशी बोलतेय. जोरात वाजवा."

"अख्खी गल्ली गोळा झालीये वाजवून. समोरची बाई म्हणते, ते दोघं महिन्यापूर्वीच गेले. मुलीनं नेलंय. प्रदर्शन-मैदानामागच्या नव्या इमारतींमध्ये."

वदादची नजर टेबलावरच्या त्या कागदाकडे गेली. दुसरा प्रश्न.

"काका," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "तुम्ही आत्ता कुठे आहात?"

"घरी..." तो म्हणाला, आणि मग एकदम त्याला आठवलं. "अरे देवा. नाही. नाही, हे सिहामचं घर आहे. मी तुला जुनं घर सांगितलं. पंचावन्न वर्षं तेच सांगत आलोय, तोंडातून तेच गेलं. काय केलं मी हे?"

म्हातारा रडायला लागला. बाईसमोर रडू आवरायची सवय असलेल्या माणसाचं रडणं होतं ते, आतल्या आत गुदमरलेलं.

"तुम्ही नाही केलं, मी केलं," वदाद म्हणाली. "ते नंतर बघू. आता डोळे पुसा आणि मला सांगा, सिहामचं घर कोणत्या इमारतीत आहे?"

त्याला माहीत नव्हतं. पांढरी इमारत, सहावा मजला. तिथल्या तीसच्या तीस इमारती पांढऱ्या. मुलीच्या मोटारीतून तो संध्याकाळचा आला होता, त्यानंतर खाली उतरलाच नव्हता. वीज नसली की लिफ्ट बंद, आणि वीज कधी असते? सिहाम शाळेत परीक्षेच्या ड्युटीवर होती, फोन बाहेर जमा करून. शेजारचं दार? वाजवून आलो होतो, म्हणाला, कुणी उघडलं नाही. आवाज देऊ का? कुणाच्या नावानं देऊ, एकाचंही नाव माहीत नाही.

हैसम खुर्ची ओढून तिच्या शेजारी येऊन बसला होता. त्यानं कागदावर लिहून दाखवलं: गाडी मैदानाकडे निघाली, आठ मिनिटं. वदादनं मान हलवली. मैदानाशी पोचून काय करणार, तीस इमारतींचे सहावे मजले चढणार?

"काका, तिथे तुम्हाला ओळखणारं एकही माणूस नाही? एकही?"

"मला नाही. तिला भाजीवाला ओळखतो."

"भाजीवाला?"

"टोपलीमुळे. जुन्या घरून ती आपली टोपली घेऊन आली ना. दोरी बांधून गॅलरीतून खाली सोडते. इथे कुणी सोडत नाही टोपली, लोक हसतात. सिहाम म्हणते, आई, मला खाली मान घालावी लागते, आपण काय खेड्यातून आलोय? पण ही ऐकते का? भाजीवाला गाडी घेऊन आला की हिची टोपली खाली. रोज भांडते त्याच्याशी सहाव्या मजल्यावरून, पुदिना शिळा म्हणून."

"कधी येतो तो?"

"याच वेळेला. आत्ता भोंगा ऐकू येतोय बघ."

वदादनं हेडफोन कानावर दाबला. फार लांबून, जिन्यातून आल्यासारखा, एक भोंगा टोमॅटो आणि काकडी ओरडत होता.

"काका, टोपली कुठे आहे? सोडा ती खाली. आत्ताच. लाल काही असेल तर बांधा तिला."

"हिचा लाल रुमाल आहे. पण मग हात सोडावा लागेल हिचा."

"दोन मिनिटं फक्त. त्यांना सांगून जा. नावानं हाक मारून सांगा, कान शाबूत असतात माणसाचे."

"उम सिहाम, मी जरा..."

"तसं नाही काका. त्यांच्या नावानं."

पलीकडे पंचावन्न वर्षांचा संकोच उभा राहिला. परक्या बाईसमोर बायकोचं नाव घ्यायचं म्हणजे त्या पिढीच्या पुरुषाला अंगावरचा सदरा काढल्यासारखं. लग्नानंतर ती आधी 'अगं' झाली, मग मुलगी झाली आणि 'उम सिहाम' झाली. वदादचा बापही तसाच गेला होता, आईचं नाव ओठांवर न आणता.

"मी कान बंद करते," ती हळूच म्हणाली. "तुम्ही म्हणा."

मग अगदी खालच्या आवाजात, "बद्रिया. ए बद्रिया. मी गॅलरीत जाऊन येतो. कुठे जाऊ नकोस हं."

फोन गादीवर ठेवल्याचा आवाज आला. वदादनं कान बंद केले नव्हते. केंद्रातली बाई कान कसे बंद करणार? ती श्वास ऐकत बसली, एका अनोळखी बाईचा, घरघरणारा, पण चालू. "मी आहे हं ताई," ती त्या श्वासाला म्हणाली. "ते टोपली सोडताहेत. तुमचीच टोपली."

मग वायरलेसवर ओरडली, "खुदर, भोंग्याच्या दिशेनं जा. भाजीची गाडी शोध. त्याला विचार, टोपलीवाली बाई कुठे राहते."

चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत हैसमनं दोन फोन घेतले, वदादची थंड कॉफी चुकून प्यायला आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

खुदरच्या आधी, त्यानं गाठलेला भाजीवालाच फोनवर ऐकू आला. तोच भोंगा, पण आता टोमॅटोचं नाव नाही. "सत्तावीस नंबरची माणसं, बाहेर या," तो अख्ख्या वस्तीला सांगत होता. "पुदिन्याच्या बाई आजारी पडल्यात. सहा मजले खुर्चीवरून उतरवायचंय, लिफ्ट बंद आहे. जवान माणसं खाली या, बाकीच्यांनी गॅलरीतून बघत बसू नका."

पलीकडे दार उघडलं. एकदम पावलं, खुर्ची ओढल्याचा आवाज, कुणीतरी "सांभाळून, डोकं सांभाळून" म्हणत होतं. ज्या दारांतून महिनाभर कुणी डोकावलं नव्हतं, ती सगळी दारं आज त्या जिन्यात उघडली होती. मग म्हातारा फोनवर आला, म्हणाला, "आले, पोरी, आले," आणि फोन तसाच गादीवर टाकून गेला.

वदादनं हेडफोन काढला.

"अकरा मिनिटं वाया," ती म्हणाली. "माझ्यामुळे. मी विचारलंच नाही."

हैसमला झापायचा पुरेपूर हक्क होता. त्यानं फक्त अहवालाचा कागद तिच्यापुढे ठेवला. "जसं झालं तसं लिहा, मावशी."

तिनं लिहिलं. एक ओळही सौम्य केली नाही.

रविवारी सकाळी ती हलावत-जिब्नचं, म्हणजे चीजच्या मिठाईचं, खोकं घेऊन रुग्णालयात गेली. केंद्रातल्या माणसानं रुग्णाला भेटायला जाऊ नये असा नियम होता, पण तो मोडल्याचं नंतर सांगायचं तिनं ठरवलं. पाच रात्री तिला त्या अकरा मिनिटांनी झोपू दिलं नव्हतं. खाटेवर एक बारीकशी बाई उशांना टेकून बसली होती, तोंड अजून जरा वाकडं, उजवा हात चादरीवर. शेजारच्या स्टुलावर इस्त्रीचा सदरा घातलेला म्हातारा. पायाशी सिहाम, आणि सिहामच्या मांडीवर, देवाशपथ, ती टोपली. आत पुदिन्याची जुडी.

"रोज देतो तो भाजीवाला," सिहाम म्हणाली आणि डोळे पुसले. "ताजा आहे म्हणे, आईला दाखव म्हणतो."

वदाद उभ्याउभ्याच बोलली. खोकं हातात तसंच. "मी त्या दिवशी फोनवर होते. तुमची गाडी आधी मी चुकीच्या घरी पाठवली. एक प्रश्न विचारायचा राहिला माझा. अकरा मिनिटं वाया गेली. आज हा हात उचलत नाही, तो कदाचित त्यामुळे. हे तुम्हाला माहीत असायला हवं, म्हणून आले."

म्हातारा उठला, तिच्या हातातलं खोकं काढून घेतलं आणि तिला स्टुलावर बसवलं. "पत्ता मी सांगितला होता, पोरी. अर्धी चूक माझी आहे, सगळी तू घेऊन जाऊ नकोस."

वदादला आता रडू फुटलं, आणि तिनं ते आवरलं नाही.

खाटेवरची बाई काहीतरी म्हणत होती. शब्द जड होते, एकेक ओढून आणावा लागत होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, बोलणं परत यायला महिने लागतील. सिहाम चटकन वाकली. "पाणी हवंय, आई?"

तिनं नाही म्हणून मान हलवली. डावा हात उचलून तिनं नवऱ्याच्या सदऱ्याची बाही धरली.

"पुन्हा," ती म्हणाली. "म्हणा."

"काय म्हणू, उम सिहाम?"

तिनं रागानं डोळे मिटले, पुदिना शिळा निघाल्यावर मिटत असतील तसे. "ते नाही," ती म्हणाली. "नाव."

म्हाताऱ्यानं मुलीकडे पाहिलं. दारातल्या नर्सकडे पाहिलं. वदादकडे पाहिलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. या वेळी वदादनं खरोखरच दोन्ही हात कानांवर ठेवले आणि खिडकीकडे तोंड केलं, तरीही तिला ऐकू आलं.

"बद्रिया," तो म्हणाला.